गल्लीच्या तोंडाशी टाकलेला चोथा

ग्वान बाईंच्या पहिल्या तासाला कोणी ना कोणी रडवेलं होतंच. त्या वर्गात येतात, पिशवी खुर्चीवर ठेवतात आणि खडूला हात न लावता विचारतात, "बचनागानं गुडघ्याचा गारठा जातो, हे कोणाकोणाला माहीत आहे?"

सगळे हात वर. आमच्या चांग्शूत हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. गावाचं पोटच औषधी मुळ्यांवर चालतं.

"छान. तुम्हाला कसं कळलं?"

मग कोणीतरी हुशार मुलगी उभी राहून जुन्या ग्रंथातलं वचन एका दमात म्हणून दाखवते.

"हे ग्रंथाला कळलं. तुला कसं कळलं?"

"गुरुजी सांगतात."

"ते गुरुजींना कळलं."

शेवटी मागच्या बाकावरून कोणी पुटपुटतं, "आमच्या आजीला गुण आला होता, बाई."

"आणि आजीच्या शेजारणीला? तिचे गुडघे दुखत नव्हते?"

"दुखायचे. पण तिनं काढा नव्हता घेतला."

"मग तिचे गुडघे आता कसे आहेत?"

मुलगा डोकं खाजवतो.

"फोन करून विचारून ये. आम्ही थांबतो."

मुलांना वाटतं, बाई चेष्टा करतायत. बाई खुर्ची ओढून बसतात आणि खरंच थांबतात.

मी त्याच कॉलेजात इंग्रजी शिकवते. आमची दोघींची टेबलं समोरासमोर आहेत, म्हणून या गोष्टी मला रोज ऐकायला मिळतात. आमच्याकडे मुलं नाडी शिकायला येतात, औषधांचे योग शिकायला येतात. संशोधन कसं करायचं हे शिकायला कोणी येत नाही. तो विषय सक्तीचा, आणि बाईही सक्तीच्याच, असं मुलं म्हणतात. ते बाईंना माहीत आहे.

त्या स्वतः आधी वैद्यच होत्या. गान नदीच्या काठच्या दवाखान्यात बसायच्या. हाताला गुण आहे म्हणून दारात रांग लागायची, आणि त्यांनाही वाटायचं की आपल्याकडे आलेला प्रत्येक माणूस बरा होतोच. एकदा भाजी घेताना खोकल्याचा एक जुना पेशंट भेटला. अजून खोकत होता. "तुम्ही परत आला नाहीत ते?" यांनी विचारलं. तो संकोचून म्हणाला, "तुमच्या औषधानं काही फरक पडला नाही, बाई. पण तुम्ही इतक्या आपुलकीनं बघता, तुम्हाला वाईट वाटेल, म्हणून दुसरीकडे गेलो."

त्या दिवसापासून त्या सायकलवरून, परत न आलेल्या पेशंटांच्या दारोदार जाऊ लागल्या. काय सापडलं ते कधी सविस्तर सांगत नाहीत. एवढंच म्हणतात, "बरे झालेले सांगायला येतात. बाकीचे चांगल्या मनाचे असतात, म्हणून येत नाहीत." मग दवाखाना सोडून त्या मोठ्या शहरात पेशंट मोजायचं शास्त्र शिकल्या, आणि परत येऊन इथेच शिकवू लागल्या.

निंग यालान त्यांची विद्यार्थिनी. डोंगराकडच्या तालुक्यातली, कमी बोलणारी, कामाला वाघ. तिचे मार्गदर्शक वैद्य फांग, आमचे विभागप्रमुख. सगळे त्यांना गुरुजी म्हणतात. त्यांच्या आजोबांचा गुडघेदुखीचा काढा या भागात प्रसिद्ध आहे, आणि त्यातलं मुख्य औषध बचनाग. निंगनं तीन वर्षं त्या एकाच काढ्यावर काम केलं होतं. उन्हाळ्याच्या आत पदवी हातात आली तर तिच्या तालुक्याच्या दवाखान्यातली जागा तिची होती. तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी ती जागा तिच्यासाठी धरून ठेवली होती, पण उन्हाळ्यापुरतीच.

प्रयोगाचा आराखडा ग्वान बाईंचा. नदीकाठच्या एका जुन्या गल्लीतल्या म्हाताऱ्या बायका, सगळ्यांचे गुडघे ओलीनं धरलेले. अर्ध्या जणींना खरी पुडी, अर्ध्यांना खोटी. दोन्ही तेवढ्याच कडू, तेवढ्याच काळ्या. बचनाग नीट शिजला नाही तर विष होतो, म्हणून तो एका कापडी पिशवीत वेगळा, आणि ती पिशवी तासभर आधी उकळून मग बाकीचं औषध टाकायचं. खोट्या पुडीतही तशीच पिशवी, पण आत धुरावलेल्या सुक्या मुळ्याच्या चकत्या. कोणाला काय गेलंय ते दिसू नये म्हणून बाईंनी सगळ्या पिशव्या चारी बाजूंनी शिवून घेतल्या. पुड्या निंगनं स्वतः बांधल्या, खऱ्या एका दिवशी आणि खोट्या दुसऱ्या दिवशी. त्यांच्यावर नंबर मात्र बाईंनी एकटीनं चिठ्ठ्या टाकून घातले. कोणाच्या हाती काय पडलं, हे निंगलाही ठाऊक नव्हतं. ते प्रत्येकीच्या नावाच्या बंद पाकिटात, आमच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात होतं.

एके दिवशी सकाळी आम्ही दोघी खोलीत तांदळाच्या शेवया खात होतो. बाईंचा फोन वाजला. निंग इस्पितळातून बोलत होती, आणि तिचा आवाज मलाही ऐकू येत होता.

"बाई, गल्लीतल्या तुंग आजी चौकातल्या रोजच्या नाचात खाली पडल्या. ओठ बधिर झालेत, जीभ बधिर झालीय, बोटांना मुंग्या येतायत. नाडी कशीही पळतेय, मधेच थांबतेय. डॉक्टर विचारतायत काय दिलं होतं, आणि मला सांगता येत नाही. मला माहीतच नाही, बाई."

बाईंनी कपाट उघडलं.  तुंग आजींचं पाकीट फोडून त्यांनी चिठ्ठी वाचली, आणि वाचून तशाच उभ्या राहिल्या.

"डॉक्टरांना फोन दे," त्या म्हणाल्या. मग डॉक्टरांना म्हणाल्या, "माझ्या हातातला कागद म्हणतो की आजींना खोटी पुडी गेलीय. त्यात मुळा होता, विषारी काहीही नव्हतं."

पलीकडून डॉक्टर काहीतरी बोलले.

"नाही. कागद बाजूला ठेवा," बाई म्हणाल्या. "ओठ जे सांगतायत ते ऐका. बचनाग पोटात गेलाय असं धरून चला. का गेला ते मी शोधते, तुम्ही त्यात वेळ घालवू नका."

फोन ठेवल्यावर त्यांनी शेवयांची वाटी बाजूला सरकवली. मी मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं. दुसरं काय करणार?

आम्ही इस्पितळात गेलो, पण दुपारपर्यंत कोणी काही सांगेना. हृदयाच्या ठोक्यांचं यंत्र लावलं होतं, सलाईन चालू होतं. आजी शुद्धीवर होत्या, पण डॉक्टर मान हलवून पुढे जायचे. फांग गुरुजींनी आम्हाला कॉलेजात बोलावून घेतलं.

त्यांच्या खोलीत निंग उभी होती. शिष्यानं गुरूपुढे बसायचं नसतं. त्यांच्या टेबलावर एक कागद होता, गुरुजींच्याच अक्षरात.

"बसा, ग्वान बाई," गुरुजी म्हणाले. "फार ताणण्यात अर्थ नाही. खोट्या पुड्यांच्या ढिगात एक खरी पुडी गेली. बांधताना चूक झाली. हजार पुड्या एकटीनं बांधल्यावर होते चूक. पोरीनं लिहून द्यायचं, यंदा थांबायचं, प्रकरण बंद."

"यंदा थांबली तर तिची जागा जाईल," बाई म्हणाल्या.

"आणि म्हातारी गेली तर? तेव्हा जागेचं बोलायचंय का आपण?"

ते ओरडत नव्हते. माणूस वाईट नाही. पण आजोबांच्या काढ्यानं चौकात बाई पडली ही बातमी गल्लीतून बाजारात आणि बाजारातून कुठवर जाईल, हे त्यांना दिसत होतं. पुडी बांधताना चूक झाली, एवढ्यावर काढ्याचं नाव वाचत होतं.

निंगनं पेन उचललं होतं.

"सही करतेयस?" बाईंनी विचारलं.

"गुरुजी म्हणतात म्हणजे झालीच असेल, बाई."

"तुला आठवतंय, चूक झालेली?"

"नाही."

"झाली नाही असं आठवतंय?"

"तसंही नाही. हात आपोआप चालत होते."

"मग तुला कसं कळलं?"

निंग रडायला लागली. गुरुजी वैतागले. "बाई, हा वर्ग नाही. इथं पोरीला परीक्षेला बसवू नका."

"नाही बसवत. ऑफिस बंद होईपर्यंत थांबा, एवढंच मागते. कागद कुठे पळून जात नाही."

गुरुजींनी घड्याळाकडे पाहिलं आणि हात झटकला. त्याचा अर्थ हो.

जिन्यात बाई निंगला म्हणाल्या, "रडणं नंतर. आजींनी सकाळी काढा घेतला, मग चोथा कुठाय?"

निंगनं डोळे पुसले. "रस्त्यावर असेल. गल्लीच्या तोंडाशी."

आमच्याकडे काढ्याचा चोथा कचऱ्यात टाकत नाहीत. रस्त्यावर पसरतात. येणाऱ्याजाणाऱ्यांचे पाय त्यावर पडले की दुखणं त्यांच्याबरोबर लांब निघून जातं, अशी समजूत आहे. नगरपालिका दंड करते, तरी पसरतात. आणि रोज दुपारी पाण्याची गाडी गाणं वाजवत येते आणि रस्ता धुऊन नेते.

हे तिघींच्याही एकदमच लक्षात आलं. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "स्कूटर आहे ना तुझी?"

तिघींना बसायला बंदी आहे, पण बसलो. नदीकाठच्या रस्त्याला लागलो तेव्हा पाण्याच्या गाडीचं गाणं कुठूनतरी ऐकू येत होतं, पण कुठल्या बाजूनं ते कळेना. निंग माझा खांदा इतका घट्ट धरून बसली होती की बोटं रुतत होती. मी वाटेत एकदाही आरशात पाहिलं नाही.

गल्लीच्या तोंडाशी औषधराजाचं छोटं देऊळ आहे. त्याच्यासमोर रस्त्यावर चोथ्याचे चारपाच ढीग पायांनी पसरलेले होते. एक मात्र ताजा, अजून ओला, मधोमध.

निंग धावत जाऊन खाली बसली आणि हात घालणार, तोच बाई म्हणाल्या, "थांब. आधी बघ."

"बाई, गाडी येईल."

"येऊ दे. आधी बघ आणि काय दिसतंय ते सांग. काय असेल ते नको सांगूस."

निंगनं श्वास घेतला. "काटक्या आहेत. दालचिनीच्या. ज्येष्ठमध आहे. सुंठ आहे."

"पुढे."

"शिवलेली पिशवी नाही."

"नाही म्हणजे?"

"कापडाची पिशवी आहे, पण रिकामी. शिवण उसवलीय. कात्रीनं." ती वर बघत म्हणाली. "पिशवी उघडलीय, बाई."

बाईंचा चेहरा मी तेव्हा पाहिला. माणसाला आपल्याच घराचा पत्ता कोणी दुसऱ्यानं सांगावा, तसा झाला होता. त्या याच गल्लीत वाढलेल्या. त्यांच्या आईनं याच जागी आयुष्यभर चोथा टाकला होता. शिवलेल्या पिशवीतला चोथा रस्त्यावर तसाच कोणी टाकेल का? दुखणं आत अडकून राहील ना. इथली कुठलीही बाई ती आधी फोडणार आणि मगच पसरणार. हे त्यांना लहानपणापासून माहीत होतं, आणि पिशव्या शिवायच्या दिवशी ते आठवलं नव्हतं.

त्यांनी अंबाड्यातली पिन काढून निंगच्या हातात दिली. "आता चकत्या वेगळ्या कर."

निंगनं पिनेनं एकएक चकती ओढली. शिजलेला मुळा लोळागोळा होतो, रेषा रेषा दिसतात. बचनागाची चकती शिजूनही कडक आणि काचेसारखी आरपार राहते. ती दोन ढीग करत गेली. थोड्या वेळानं तिचा हात थांबला.

"दोन्ही आहेत," ती म्हणाली.

"त्याचा अर्थ?"

"एका पुडीत दोन्ही असूच शकत नाहीत. खऱ्या बांधल्या त्या दिवशी मुळा खोलीत आलाच नव्हता."

"खात्री?"

"मुळा दुसऱ्या दिवशी बाजारातून मी स्वतः आणला." ती बोलता बोलता उठून उभी राहिली. "बाई, माझी चूक नव्हती."

"ते अजून कळलेलं नाही," बाई म्हणाल्या. "एकाच ढिगावरून सांगतेयस. बाजूचा बघ."

गाडीचं गाणं आता जवळ आलं होतं. बाजूचा ढीग सुकलेला होता, कालचा असावा. निंग त्यावर वाकली, आणि तेवढ्यात मागून आवाज आला.

"काय गं, माझं दुखणं उकरतेस होय?"

लियाओ काकू दारात उभ्या होत्या. तुंग आजींच्या भिंतीला भिंत लागून राहतात. हातात उदबत्त्या, डोळे सुजलेले.

"काकू, हा तुमचा चोथा?" बाईंनी विचारलं.

"माझा. आणि तो ओला तिचा. सकाळी तिला गाडीत घालून नेली, मी आत जाऊन तिचं भांडं आणलं आणि पसरलं. म्हटलं, जितके पाय पडतील तितकी लवकर घरी येईल." मग त्यांनी बाईंना नीट ओळखलं. "अगं, शूछिन तू? तुझ्या कॉलेजाचंच औषध ना हे?"

"माझंच."

"मग लाज नाही वाटली, म्हातारीला मुळा उकळून प्यायला लावताना?"

निंग पिन धरून तशीच बसली होती. बाई हळूच म्हणाल्या, "तुम्हाला कसं कळलं?"

"कसं कळलं म्हणजे? रस्त्यावर पडलेलं दिसत नाही? तिच्या चोथ्यात मुळा, माझ्यात बचनाग. जन्मभर औषधांच्या गिरणीत मुळं कापली मी. मुळा कळू नये?"

"मग काय केलंत?"

"काय करणार? माझी पिशवी उसवली, अर्धं तिला दिलं. माझा गुडघा वाकतो आणि शेजारीण लंगडत पाणी भरते, हे बघत बसू? तुझी आई असती तर तिनं काय केलं असतं?"



"पिशवीतला बचनाग आधी तासभर उकळायचा होता, काकू," निंग म्हणाली. "सुट्टा टाकला तरी आधीच टाकायचा."

काकूंचा हात तोंडाकडे गेला. "आज तिला घाई होती. चौकातला नाच लवकर सुरू होणार होता. गुडघा बरा वाटत होता ना तिला." त्या देवळाच्या पायरीवर बसल्या. "म्हणजे मी दिलं म्हणून पडली ती?"

"तुम्ही दिलंत म्हणून नाही," बाई म्हणाल्या. "आम्ही पिशवी शिवली म्हणून."

पाण्याची गाडी कोपऱ्यावर वळली. गाणं मोठं झालं. निंगनं आपला जेवणाचा डबा रिकामा करून दोन्ही ढिगांतलं थोडं थोडं आत भरलं, आणि बाई मधोमध रस्त्यात हात वर करून उभ्या राहिल्या. ड्रायव्हरनं खिडकीतून डोकं काढलं.

"मरायचंय का, मावशी?"

"एक मिनिट थांब. धुतलंस तर एका पोरीचं वर्ष धुशील."

तो काहीतरी पुटपुटला, पण पाणी बंद केलं. निंग बाजूला झाली. मग गाडीनं सगळं वाहून नेलं.

निंग डबा छातीशी धरून हसायला लागली होती. पहिल्यांदाच. "बाई, गुरुजींना दाखवते. आता सही नको ना?"

तेवढ्यात काकू पायरीवरून म्हणाल्या, "आम्हा दोघींनाच रागावू नका हं. सगळीच गल्ली वाटून घेते. ती पलीकडची, तिच्या समोरची, सगळ्या. कोणी एकटीनं खाल्लं नाही."

निंगचं हसू जागीच थांबलं. तिला ते तिथेच कळलं. अर्ध्या जणींना खरं, अर्ध्यांना खोटं, असं काही उरलंच नव्हतं. सगळ्यांनी सगळं अर्धं अर्धं घेतलं होतं. तीन वर्षांची मापं कशाचीच नव्हती.

"बाई, हे..."

"हो," बाई म्हणाल्या.

आम्ही परतलो. कॉलेजाच्या फाटकाशी निंगला इस्पितळातून फोन आला. आजींचे ठोके सरळ झाले होते. त्यांनी शेवया मागितल्या होत्या. मी स्कूटर लावायच्या निमित्तानं मागे राहिले आणि जरा वेळ डोळे मिटून उभी राहिले.

गुरुजींच्या खोलीत कागद तसाच होता. निंगनं आधी चहा ओतून दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे ठेवला. मग डबा उघडून दाखवला, दोन्ही ढिगांचं सांगितलं. गुरुजींनी चिमट्यानं चकत्या उलटसुलट केल्या. त्यांना एका नजरेत कळलं. चेहऱ्यावरचा ताण उतरला.

"म्हणजे शेजारणीनं दिलं. पुडीत चूक नव्हती आणि काढ्यातही नव्हती. छान झालं." त्यांनी तो कागद फाडला. "या दोघींना यादीतून वगळ. बाकीच्यांचे आकडे आहेत तसे ठेव. उन्हाळ्याच्या आत लिहून होईल तुझं."

 बाई खिडकीबाहेर बघत होत्या. त्यांनी निंगकडे पाहिलंही नाही. त्या मुद्दाम बघत नव्हत्या, हे मला कळत होतं. काकूंचं शेवटचं वाक्य आम्ही तिघींनीच ऐकलं होतं. निंगनं ते सांगितलं नाही तर पदवी तिची, नोकरी तिची.

निंगनं किटली खाली ठेवली. 

"गुरुजी, दोघीच नाहीत. सगळी गल्ली वाटून घेत होती."

"कोण म्हणतं?"

"लियाओ काकू."

"एका अडाणी म्हातारीच्या सांगण्यावरून..."

"म्हणून उद्यापासून दारोदार जाऊन विचारणार आहे. पण आकडे आहेत तसे ठेवता येणार नाहीत, गुरुजी. मी ते माझ्या नावानं लिहू शकत नाही."

एवढं लांब वाक्य ती गुरुजींपुढे कधी बोलली नसेल. गुरुजींनी चहाला हात लावला नाही.

"पिशव्या शिवायचं डोकं माझं होतं," बाई म्हणाल्या. "कॉलेजाच्या समितीपुढे मी तसं सांगणार आहे. पोरीनं मी सांगितलं तसं केलं."

गुरुजींनी चिमट्यानं एक चकती उचलली. "म्हणजे आजोबांचा काढा चालतो की नाही, हे तीन वर्षांनी कळलंच नाही?"

"नाही कळलं, गुरुजी," निंग म्हणाली.

"मला माहीत आहे, चालतो."

आम्ही दोघींनी बाईंकडे पाहिलं. तो प्रश्न आता येणार होता. बाईंनी विचारला नाही.

"विचारा की," गुरुजी कडवटपणे म्हणाले. "आजच का गप्प?"

"आज कोणत्या तोंडानं विचारू? त्याच गल्लीत वाढले मी."

पुढचं चार ओळींत सांगण्यासारखं आहे. समितीनं बाईंचा वर्ग एक वर्ष दुसऱ्याकडे दिला. निंगची तालुक्याची जागा गेली. तिनं दारोदार फिरून कोणी कोणाला काय दिलं ते विचारलं, आणि तो प्रयोग कसा मोडला यावरच प्रबंध लिहिला. पहिल्या पानावर सही करायला गुरुजींनी महिना लावला, पण केली. पुढच्या वसंतात ती पदवीधर झाली, आणि आता नदीकाठच्या त्याच दवाखान्यात बसते, जिथे बाई बसायच्या. तुंग आजी तिच्याकडेच जातात. बाईंना आणि निंगला त्या मुळेवाल्या म्हणून हाक मारतात.

यंदा गुरुजी स्वतः बाईंच्या टेबलाशी आले. "प्रयोग पुन्हा करायचाय," म्हणाले, आणि दाराकडे वळले.

या वेळचा आराखडा निंगचा. शेजारणीपासून शेजारीण वेगळी करता येत नाही, म्हणून गल्लीपासून गल्ली वेगळी करायची. एका गल्लीत सगळ्यांना खरं, दुसऱ्या गल्लीत सगळ्यांना खोटं, आणि वर्षानं उलट. कोणाच्या वाट्याला आधी काय, याच्या बंद पाकिटातल्या चिठ्ठ्या औषधराजाच्या देवळासमोर सगळ्यांदेखत काढायच्या ठरल्या.

परवा सकाळी आम्ही तिथे जमलो होतो. दोन्ही गल्ल्यांच्या बायका खुर्च्या घेऊन आल्या होत्या. गुरुजी मागे हात बांधून उभे होते. लियाओ काकूंनी आधी उदबत्ती लावली. चिठ्ठी तुंग आजींनी काढायची होती.

"आमच्याकडे मुळा आला तर?" आजींनी विचारलं.

"तर वर्षभर मुळा," निंग म्हणाली. "मग खरं. पण शेजारी वाटून काही उपयोग नाही, आजी, कारण शेजारणीकडेही तेच असेल."

"हां. हे बरं केलंस." आजींनी हात पुढे केला, आणि थांबल्या. "पण ती पलीकडची गल्ली कोणती धरलीयत? विहिरीची?"

"हो."

"तिथं माझी बहीण राहते," आजी म्हणाल्या. "तिचे गुडघे माझ्याहून वाईट."

 गुरुजींनी बाईंकडे पाहिलं, बाईंनी निंगकडे. निंगनं चिठ्ठ्यांचा वाडगा आजींपुढून उचलून परत आपल्या मांडीवर घेतला.

"आजी," ती म्हणाली, "आणखी कोणाचं कोण कुठं राहतं, ते आधी सांगा बघू."

बायकांनी खुर्च्या पुढे ओढल्या.